बावीस खांबांची खोप

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हा, एका नदीच्या काठी बावीस घरांचं एक गाव होतं. मुलांनो, ही गोष्ट तुम्ही लोळत ऐका, खात ऐका, हवी तशी ऐका. थोरामोठ्यांनी मात्र जरा सावरून बसावं. गोष्ट त्यांचीच आहे.

त्या गावात माणसं पुष्कळ होती, म्हशी पुष्कळ होत्या, आणि मतं तर विचारूच नका. होडी मात्र एकच होती. मीठ पलीकडून येई. सुना पलीकडून येत आणि लेकी पलीकडे जात. हे सगळं त्या एका होडीतून. होडी होती येसूची. बाप गेला तेव्हा वल्हं तिनं हातात घेतलं, ते खाली ठेवलं नाही.

गावात एक रीत होती. गावाचं म्हणून जे काही बांधायचं, त्याला घरटी एक खांब. बावीस घरं, बावीस खांब. खांब म्हणजे घराचा मान. देवळाच्या मंडपात इतके खांब होते, की देव दिसावा म्हणून लोकांना मान वाकडी करावी लागे. देवालाही लागत असणार. चावडीत सभा भरली की जो तो आपापल्या खांबाला टेकून बसे आणि कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखे. पण रीत बदलावी असं कुणी म्हणत नसे, कारण म्हणायचं तर सभेत म्हणावं लागे, आणि सभेत थोरांचं बोलून संपल्याशिवाय लहानांनी बोलायचं नाही अशी दुसरी रीत होती. थोरांचं बोलून कधी संपत नसे.

दर पावसाळ्यात नदी फुगे. मग मृगाच्या आदल्या दिवशी होडी काठावर ओढायची, वर झावळ्या टाकायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तशीच ठेवायची. झावळ्या गळत. होडी भिजे. एका वर्षी उन्हाळ्यात झिलू सुतारानं होडीखाली वाकून तळाच्या फळीवर नख दाबलं.

"येसू, नख शिरतंय गो."

"किती, झिलूकाका?"

"अर्धं. पुढच्या वर्षी बोट शिरेल. त्याच्या पुढच्या वर्षी मासे."

"आता काय करायचं?"

"फळी मी बदलून देतो. पण हा पावसाळा होडी कोरडी राहायला हवी. पुरी कोरडी. राहिली तर तुझ्या नातवंडांना पुरेल. भिजली तर दुसरी होडी विसर. एवढ्या घेराचं फणसाचं झाड आता या काठावर उरलेलं नाही."

येसूनं त्याच दिवशी एक दोरी घेतली. होडीच्या रुंदीवर एक गाठ मारली, लांबीवर दुसरी गाठ मारली आणि ती दोरी घेऊन थेट चावडीत गेली. थोरांचं बोलणं संपायची तिनं वाट पाहिली नाही. गावकार शिंकले, तेवढ्यात ती बोलली.

"होडीला खोप हवी. ही होडीची रुंदी, पाच हात. ही लांबी, अठरा हात. धक्क्याच्या वर, पूर पोचत नाही तिथं उंडीच्या झाडापाशी जागा आहे. चार खांब, वर गवताचं छप्पर. झिलूकाका म्हणतात सहा दिवसांचं काम."

गावकार गावाचे प्रमुख. त्यांनी नाक पुसलं आणि ते हसले. लहान मूल बापाचे जोडे घालून चालायला लागलं की माणसं हसतात, तसे.

"पोरी, खोप गावाची होणार. तिचा विचार गावानं करायला हवा. पावसाला अजून दोन महिने आहेत."

"विचार मी करून आले आहे, गावकारबाबा."

"तू एकटीनं केलास. त्याला विचार म्हणत नाहीत," गावचे भटजी जोशीबुवा म्हणाले.

मग गावानं विचार केला.

पहिला महिना जागेत गेला. गावकारांना खोप त्यांच्या अंगणासमोर हवी होती, पाहुण्यांच्या नजरेत भरेल अशी. जोशीबुवांना ती त्यांच्या घराच्या पूर्वेला हवी होती. का, ते पंचांगात होतं आणि पंचांग त्यांच्याकडेच होतं. थोरले तात्या गावात सर्वांत म्हातारे. ते सभेत झोपत आणि जाग आली की विरोध करत.

"नदीजवळ नको!" ते जागे होऊन म्हणाले.

"का, तात्या?"

"होडीला पाण्याची सवय आहे. जवळ ठेवलीत तर पळून जाईल."

यावर तीन दिवस चर्चा झाली. शेवटी गावकार, जोशीबुवा आणि तात्या या तिघांच्या उंबरठ्यांपासून पावलं मोजली आणि तिन्हींपासून सारख्या अंतरावर असलेली जागा ठरली. ती होती देवळाजवळच्या टेकाडावर. नदीपासून ती किती लांब, हे कुणी मोजलं नाही.

"दोनशे पावलं आणि तीही चढाची!" येसू म्हणाली. "होडी वर न्यायची कुणी?"

"गावात तरणी पोरं आहेत की," तात्या म्हणाले. "त्यांना काय काम असतं?"

दुसऱ्या महिन्यात खांब आले. गावकारांचा खांब शिसवीचा, त्यावर मोर कोरलेला. जोशीबुवांचा फणसाचा, त्यावर दोन मोर. आता प्रश्न आला, कुणाचा खांब कुठं. कडेचा खांब कुणालाच नको होता. कडेच्या खांबाला पावसाची झड लागते, म्हशी अंग घासतात, आणि कुत्री काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. मान असतो मधल्या खांबाला. तेव्हा अठरा घरांचे खांब मध्ये आले. उरले चार कोपरे. ते मिळाले येसूला, झिलूला, नदीत खुबे-शिंपले वेचणाऱ्या रखमायला आणि शेळ्या राखणाऱ्या धोंडीला. या चौघांनी दीड दीड हात खड्डे खणले, खांब रोवले, ठोकून घट्ट केले आणि ते आपापल्या कामाला गेले.

मधल्या अठरांचं तसं नव्हतं.

"तुमचा किती खोल?" जोशीबुवांनी गावकारांना सहज विचारलं.

"अडीच हात."

जोशीबुवांनी तीन हात रोवला. गावकारांनी आपला उपसून साडेतीन केला. जोशीबुवा चारवर गेले, गावकार साडेचारवर. मग बाकीच्या घरांनाही चेव चढला. खोल रोवलेला खांब म्हणजे पक्कं घराणं. तात्यांनी कुदळीला नुसता हात लावला आणि नातवांनी पाणी लागेपर्यंत खणलं. गावाला एक विहीर मिळाली असती, पण तात्यांनी तीत खांब घातला.

खांब रोवून झाले तेव्हा झिलू दोन लांब तुळया घेऊन आला. खांबांकडे त्याची नजर गेली आणि तो डोकं खाजवत उभा राहिला. मग गावकारांच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटला.

"मग दिसणार नाही असं कर," गावकार म्हणाले. "सुतार कशाला आहेस?"

झिलू पन्नाशीचा होता, पण त्या सभेत पन्नाशी म्हणजे पोरवयच. त्यानं छप्पर चढवलं आणि मधल्या अठरा खांबांच्या माथ्यांवर झेंडूच्या जाडजूड माळा गुंडाळल्या. फार शोभा आली. तोरण बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा चावडीत एक पडलेली सापडली. तिला दोन गाठी होत्या. गावकारांनी स्वतःच्या हातांनी तोरण बांधलं.

"ती माझी मापाची दोरी आहे," येसू म्हणाली. "खांबांमधलं अंतर कुणी मोजलं का?"

"शुभ वेळी मोजमाप काढू नये," जोशीबुवा म्हणाले.

मृगाच्या आदल्या दिवशी सकाळी ढोल वाजला. गावातली झाडून सगळी तरणी माणसं होडीला लागली. खांद्यांवर दोर, पायाखाली चिखल. बायकांनीही दोर धरले. रखमाय पाठीमागून ढकलत होती आणि टेकाडाला शिव्या देत होती. दोनशे पावलांना सूर्य डोक्यावर आला. येसूच्या तळहातांची सालटी निघाली, पण तिचं लक्ष तळाच्या नव्या फळीकडे होतं. दगड लागू नये म्हणून ती प्रत्येक दगडाला आधी पाय देत होती.

वर थोर मंडळी नवी धोतरं नेसून खोपीच्या सावलीत उभी होती. आपापल्या खांबापाशी.

होडी खोपीच्या तोंडाशी आली आणि थांबली.

"आत घ्या," गावकार म्हणाले.

"कुठून?" येसूनं विचारलं.

गावकारांनी डावीकडे पाहिलं. तिथं खांब होता. उजवीकडे पाहिलं. तिथंही खांब होता. दोन खांबांमधून म्हैस गेली असती, तीही रोड असती तर.

"तिरकी घाला," जोशीबुवा म्हणाले.

तिरकी घातली. पुढची टोकदार नाळ अडकली.

"कुशीवर करा."

कुशीवर केली. वल्ह्याच्या खुंट्या अडकल्या.

"उभी करा!" तात्या जागे होऊन म्हणाले.

उभी केली असती तर छपरातून बाहेर आली असती. तेव्हा जोशीबुवांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "झिलू, होडी दोन्ही बाजूंनी हात हात कमी कर."

"बुवा, मग तिच्यात पाणी शिरेल."

"पावसाळ्यात तिला कुठं पाण्यात घालायची आहे?"

कुणी हसलं नाही. थोर मंडळींना ते पटल्यासारखं दिसत होतं. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं.

"एक खांब काढा," ती म्हणाली. "होडी कापण्यापेक्षा ते बरं."

"कुणाचा?" गावकारांनी विचारलं. सगळ्यांनी बोट दाखवलं. प्रत्येकानं दुसऱ्याच्या खांबाकडे.

"आणि छपराचं काय?" गावकार पुढं म्हणाले. "माझा खांब काढलात तर छप्पर आत्ता तुमच्या डोक्यावर येईल. पोरीला काय कळतंय! या खांबावर सगळा भार आहे." आणि त्यांनी मोरावर थाप मारली.

त्या थापेनं, की वाऱ्यानं म्हणा, माथ्यावरची सुकलेली झेंडूची माळ सुटली आणि गावकारांच्या पागोट्यावर पडली.

माळेच्या जागी एक चिमणी बसलेली होती. खांबाच्या माथ्यावर, तुळईच्या खाली, ऐसपैस. तिनं एक पंख पसरला, साफ केला, मग दुसरा पसरला.

सगळं गाव चिमणीकडे बघत राहिलं.

"झिलूकाका," येसू हळूच म्हणाली, "ती तिथं मावली कशी?"

झिलूनं एकदा गावकारांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा सभेसमोर मोठ्यानं बोलला. "खांब पोचतच नाहीत! जेवढे खोल घातले तेवढे वर ठेंगणे झाले. अठराच्या अठरा. छप्पर त्या कोपऱ्यांतल्या चौघांवर उभं आहे. बाकीचे नुसते हात वर करून उभे आहेत."

येसूनं तोरण ओढून दोरी काढून घेतली. होडीच्या काठावर चढून तिनं दोरी गावकारांच्या खांबावरून टाकली. दोरी या बाजूनं गेली, त्या बाजूनं आली, कुठं अडली नाही. चिमणी उडाली. मग जोशीबुवांचा खांब. दोरी गेली. मग तात्यांचा. त्यातून तर तात्यांचं पागोटंही गेलं असतं. एकेका माळेखालून दोरी निघत होती आणि एकेक म्हातारा आपल्या पायांकडे बघायला लागत होता.

मग ती कोपऱ्यातल्या रखमायच्या खांबाकडे गेली. वाकडा, सालीसकट रोवलेला, कुत्र्यांच्या आवडीचा. तिथं दोरीच काय, गवताची काडी शिरेना.

"अग्गोबाय!" रखमाय म्हणाली. "एवढं ओझं आहे होय माझ्यावर?"

गावकारांनी पागोट्यावरची माळ काढली. "खांब भार घ्यायला नसतो," ते ताठ मानेनं म्हणाले. "मान घ्यायला असतो. माझ्या आजाच्या वेळेपासून उभा केलेला खांब कुणी काढलेला नाही. मी काढणार नाही. होडीवर झावळ्या टाका."

"झावळ्या गळतात, बाबा."

"मग गळू देत."

टप्पकन एक थेंब होडीच्या नव्या फळीवर पडला. येसूनं तो पदरानं पुसला. मग दुसरा पडला. तोही तिनं पुसला. किती पुसणार? तिचे डोळे भरले, पण ती रागानं बोलली, आणि राग चांगला खणखणीत होता.

"ठीक आहे. खांब राहू देत. ही होडी कुजली की मी वल्हं चुलीत घालीन. नारळी पौर्णिमेला मीठ आणायला तुम्ही मोरावर बसून जा. एक मोर कमी पडला तर जोशीबुवांचे दोन आहेत."

पोरं फिस्कन हसली. गावकार लाल झाले आणि तोंड उघडणार तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गावकारीण आली. तिच्या हातात कुदळ होती. ती तिनं नवऱ्यापुढं धरली.

"हे काय?" गावकार म्हणाले.

"कुदळ."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"माझी लेक पलीकडे दिली आहे. पोटुशी आहे. गौरीला माहेरी येणार आहे. ती काय पोहत येणार?"

"अगो, चारचौघांत..."

"चारचौघांतच खांब रोवलात ना? मग चारचौघांतच काढा. दोन महिने घरात ऐकत्ये, माझा खांब साडेचार हात, माझा खांब साडेचार हात. दोन महिन्यांत होडी किती हात, हे एकदा तरी विचारलंत?"

गावकारांनी आजूबाजूला पाहिलं. मदतीला कुणी नव्हतं. जोशीबुवांच्या हातात त्यांच्या सुनेनं फावडं दिलेलं होतं.

धोंडी पुढं झाला. "बाबा, मी खणतो."

"थांब रे," येसू म्हणाली. "रीत म्हणजे रीत. ज्यानं रोवला त्यानंच काढायचा."

मग पाऊस आला, आणि तरणी माणसं होडीवर झावळ्यांची झापं, घोंगड्या, अंगावरचं जे होतं ते धरून उभी राहिली, आणि थोर मंडळी खणायला लागली. खोदताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. जो जितका खोल रोवला होता, तितका वेळ तो काढायला लागत होता. एका हाताच्या बढाईला एक घाम, चार हातांच्या बढाईला चार. जोशीबुवांचं नवं धोतर चिखलात कुठं संपतंय ते कळेना. गावकार छातीपर्यंत खड्ड्यात गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "इतका खोल कुणी घालायला सांगितला होता?"

"सांगितला नव्हता कुणी," गावकारीण वरून म्हणाली. "खणा."

तात्यांनी पहिल्यासारखाच कुदळीला हात लावला आणि नातवांनी पुन्हा पाण्यापर्यंत खणलं. त्यांचा खांब निघाला तेव्हा असा आवाज झाला, की तात्या जागे झाले. "मी आधीच सांगितलं होतं," ते म्हणाले, "कमी खोल घाला म्हणून."

अठरावा खांब निघाला. सगळ्यांनी वर पाहिलं.

छप्पर होतं तिथंच होतं. चार वाकड्या खांबांवर, हललंसुद्धा नाही.

खड्डे बुजवले, जमीन ठोकली आणि होडी आत गेली. दोन्ही बाजूंना हात हात जागा उरली. झिलूनं खाली वाकून तळाच्या फळीवर नख दाबलं आणि येसूकडे बघून मान हलवली. नख शिरलं नव्हतं.

पावसाळाभर होडी कोरडी राहिली. खुंटीवर वल्हं आणि वल्ह्याशेजारी ती दोन गाठींची दोरी.

नारळी पौर्णिमा आली. आता होडी दोनशे पावलं खाली न्यायची होती. येसूनं ते अठरा खांब मागितले. टेकाडावरून धक्क्याच्या दिशेनं ते आडवे अंथरले, आणि होडी त्यांच्यावरून अशी गडगडत गेली, की पोरांना नुसतं पाठीमागून धावावं लागलं. मागे पडलेले खांब उचलायचे, पुढं टाकायचे. मोर चिखलात, मग आभाळाकडे, मग पुन्हा चिखलात. तेव्हापासून दर वर्षी होडी तशीच वर येते आणि तशीच खाली जाते.

गौरीच्या आदल्या दिवशी गावकारांची लेक होडीतून उतरली. गावकार धक्क्यावर उभे होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग राहवलं नाही म्हणून चढावर पडलेल्या एका मोराच्या ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाकीच्यांच्या खांबांवर होडी अडखळत आली हो. माझ्यावरून आली ती लोण्यासारखी."

"माझ्यावरून दोनदा आली," जोशीबुवा म्हणाले.

येसूनं होडी बांधली. याही वेळी तिनं त्यांचं बोलून संपेपर्यंत वाट पाहिली नाही, पण भांडलीही नाही. होडी कोरडी होती, आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारत होतं.

म्हणून लहानांनी ध्यानात ठेवावं आणि थोरांनी लिहून घ्यावं: ज्याच्यासाठी निवारा बांधायचा, माप त्याचं घ्यावं, बांधणाऱ्याच्या मोठेपणाला जागा करत बसलं, की ज्याच्यासाठी बांधलं तोच बाहेर भिजतो.